स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला डे केअर केंद्रात रुळवताना

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे नाव नोंदवून त्याला पहिल्याच दिवशी केंद्रात सोडून आले, तर दुसऱ्या दिवशी तो घराचा उंबरा ओलांडायला तयार होत नाही.

१. अर्जासोबत त्यांच्या सवयींचा एक कागद द्यावा: कोणत्या हाकेला ओ देतात, लघवीला जायचे असल्याचे कसे सुचवतात, कशाने चिडतात. आमच्या वडिलांची हयात सांगलीच्या मार्केट यार्डात गेली. 'अण्णा, हळदीचा सौदा निघालाय' म्हटले की ते उठतात आणि पुढ्यात हळकुंडांचे सूप ठेवले की तासभर निवडत बसतात, हे तिथल्या ताईंना त्या कागदावरूनच कळले. (अर्जात रक्तगटाला रकाना होता, याला नव्हता.)

२. पहिला आठवडा सकाळी दीड-दोन तासच न्यावे आणि आपण शेजारी बसावे. पुष्कळांची बेचैनी दुपार कलल्यावर वाढते, म्हणून सुरुवात संध्याकाळी करू नये.

३. औषधांची चिठ्ठी आणि ओळखीचा एक जादा कपड्यांचा जोड तिथेच ठेवावा.

मात्र त्यांची नजर चुकवून निघून येऊ नये. शोधत ते रस्त्यावर येण्याचा धोका असतो, म्हणून सदऱ्याच्या आतल्या बाजूला आपला फोन क्रमांक शिवून ठेवावा.