बालवाडीच्या मुलांसाठी मिठाच्या कणकेची संजा

नवरात्रातल्या भोंडल्याआधी, पितृपंधरवड्यात, माळव्यात संजा मांडतात. भिंतीवर शेणाच्या आकृत्या, त्यावर फुलांच्या पाकळ्या आणि चमकीचा कागद. इंदूरच्या फ्लॅटमध्ये शेण आणि भिंत दोन्ही अवघड. पण थापणं, वळणं, चिमटीत पाकळी धरून दाबणं हे तीन ते पाच वर्षांच्या बोटांना अगदी मानवणारं काम आहे. ते मिठाच्या शिजवलेल्या कणकेने घरात होतं.

दोन मुलांना पुरेल एवढं प्रमाण: 1 वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, 1 वाटी पाणी, 1 मोठा चमचा तेल, 1 मोठा चमचा लिंबाचा रस. सगळं थंड असतानाच एकत्र करून गुठळ्या मोडा, मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत मिश्रण कडा सोडून गोळा होतं. बोट लावल्यावर चिकटत असेल तर आणखी मिनिटभर परता. वरून कोरा मैदा घालायचा मोह टाळा, त्याने कणीक रवाळ होते आणि लवकर आंबते. कोमट झाल्यावर तेलाच्या हाताने मळा. भेगा पडल्या तर ओला हात पुरतो. हे सगळं मोठ्यांचं काम. गोळा आतून बराच वेळ गरम राहतो, म्हणून मधोमध फोडून बघितल्याशिवाय मुलांना देऊ नका.

पिवळ्या रंगासाठी पाण्यातच पाव चमचा हळद. गुलाबीसाठी थोडं पाणी कमी करून तेवढाच गाळलेला बिटाचा रस. फार परतला तर मळकट दिसतो. हळदीची बोटं साबणाने धुताना लाल होतात. साबणातल्या अल्कलीने तसं होतं, इजा नसते, पण आधी सांगून ठेवलं नाही तर रडारड होते.

पाया म्हणून खोक्याचा साधारण 30 सेंटिमीटरचा चौकोनी पुठ्ठा घ्या. ओली कणीक एकाच बाजूने वाळली की तो वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंना खळीने कागद चिकटवून आदल्या रात्री वजनाखाली ठेवा.

आता मुलांना बसवा. तीन वर्षांच्या मुलाला लिंबाएवढा गोळा द्या, तो थापून चंद्र-सूर्य होतात. चार वर्षांचं मूल वळ्या करतं. वळी एका टोकाला बारीक होऊन तुटली तर ती पुन्हा वळायला लावू नका, तुकडे जोडून आठ पाकळ्यांचं फूल मांडता येतं. पाच वर्षांच्यांना संजाच्या शेवटच्या दिवसांत मांडतात तो किलाकोट, म्हणजे किल्ल्याची आकृती, जमतो: चौकट, दार, आत माणसं. थर करंगळीपेक्षा जाड नको, नाहीतर वरून वाळून आत ओला राहतो आणि सुटून पडतो. कणीक ओली असतानाच पाकळ्या खोचा. झेंडू, शेवंती, गुलाब चालतील. कण्हेर मात्र अजिबात नको, पिवळी बिट्टीसुद्धा नाही; दोन्ही विषारी आहेत. मणी, टिकल्या, मुगाचे दाणेही बाजूला ठेवा, ते नाकात जातात.

एका बैठकीला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. उरलेली कणीक घट्ट डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. भाद्रपदाच्या दमट हवेत मीठ ओलावा ओढतं आणि कणकेला पाणी सुटतं. कढईत पुन्हा परतली की ठीक होते. वास बदलला किंवा ठिपके दिसले तर फेकून द्या.

ही कणीक खाण्याची नाही. चवीपुरती जिभेला लागली तर चालतं, पण गोळा गिळला तर मीठ फार जातं. सर्वपित्री अमावस्येला संजा पाण्यात सोडतात. ही सोडू नका, कुंडीतही मिसळू नका, मिठाने मुळं जळतात. चमकीचा कागद आणि पुठ्ठा काढून कणीक ओल्या कचऱ्यात टाका. गोग्रासाच्या दिवसांत मुलं ती पोळी समजून गायीपुढे धरतात, तेवढं लक्ष असू द्या.