केबल मोडेम घेताय? आधी भिंतीतली वायर बघा

माझा पहिला केबल मोडेम सेकंडहँड होता. दिसायला चकचकीत, दिवेही सगळे लागले. ऑनलाइनचा तेवढा तासभर लुकलुकतच राहिला. शेवटी कस्टमर केअरला फोन लावून मागच्या स्टिकरवरचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या मोडेमचा स्वतःचा ओळख क्रमांक, वाचून दाखवला. "हा तर दुसऱ्याच्या खात्यावर आहे," पलीकडून उत्तर. आधीच्या मालकाने तो काढून टाकलाच नव्हता! म्हणून जुना घेणार असाल तर पैसे देण्याआधी मॅक अ‍ॅड्रेस मागून घ्या आणि इंटरनेट कंपनीला विचारा.

पण त्याच्याही आधी भिंतीतून येणारी वायर बघा. जाड, गोल, मधोमध एक कडक तार आणि टोकाला फिरवून घट्ट करायचा कनेक्टर, म्हणजे कोअ‍ॅक्स, केबल टीव्हीची असते तशी वायर. हा मोडेम चालतो तो फक्त यावर. टेलिफोनची वायर किंवा फायबर येत असेल तर खरेदी इथेच थांबवा.

मग कंपनीची मान्य मोडेमची यादी उघडा. नुसतं मॉडेलचं नाव सापडलं म्हणून खूश होऊ नका. तो कोणत्या स्पीडच्या प्लॅनपर्यंत मान्य आहे, तेही बघा. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. लँडलाइनही त्याच वायरवर असेल तर फोनचा जॅक असलेला आणि कंपनीला चालणारा मोडेम लागेल.

आता खोक्यावरचे आकडे. मोठ्या अक्षरातला स्पीड सोडून द्या, तो जाहिरातीचा. बारीक अक्षरात '१६ × ४' किंवा '३२ × ८' लिहिलेलं असतं, ते वाचा. पहिला आकडा डाउनलोडच्या चॅनेलचा, दुसरा अपलोडच्या. डॉक्सिस ३.० मध्ये (डॉक्सिस म्हणजे केबल इंटरनेटचं तांत्रिक मानक) ६ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलवर सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट मिळतात. म्हणजे ८ चॅनेलचे ३०४. कागदावर ३०० च्या प्लॅनला पुरतात, पण ते चॅनेल तुमच्या एकट्याचे नाहीत, अख्ख्या गल्लीचे आहेत. संध्याकाळी सगळे व्हिडिओ बघायला बसले की हिशोब कोलमडतो. प्लॅनच्या दुप्पट तरी क्षमता हवी, असं माझं मत. आज नवा घ्यायचाच तर डॉक्सिस ३.१ चा घ्या. हे मानक २०१३ चं आहे आणि त्याचे मोडेम ३.० च्या लाइनवरही चालतात.

प्लॅन गिगाबिटचा असेल तर मागचं पोर्टही तपासा. साध्या गिगाबिट पोर्टमधून प्रत्यक्षात ९४० मेगाबिटच्या आसपासच बाहेर पडतं; त्यापुढे २.५ गिगाबिटचं पोर्ट हवं. मोडेम-राउटर एकत्र असलेला डबा मला आवडत नाही. वायफाय जुनं झालं की चांगला मोडेमही त्याच्याबरोबर बदलावा लागतो.

मोडेम लावून झाला, मॅक अ‍ॅड्रेस खात्यावर चढला, की ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका. बहुतेक मोडेमचं स्टेटस पान उघडतं. डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे मोडेमपर्यंत येणाऱ्या सिग्नलची ताकद, उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या दरम्यान असावी आणि एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडा, ३३ डीबीच्या वर. खाली 'अनकरेक्टेबल' नावाचा आकडा असतो, म्हणजे मोडेमला दुरुस्त न करता आलेल्या चुका. पान रिफ्रेश केल्यावर तो भराभर वाढत असेल तर दोष बहुधा वायरमध्ये आहे. मोडेम परत करायची घाई नको.

माझ्याकडे दुसरा, अगदी नवा मोडेम आला तेव्हा पॉवर उणे ९ दाखवत होती. वायर हाताने चाचपडत गेलो तर कपाटामागे एक स्प्लिटर, म्हणजे एका वायरच्या दोन वायर करणारा जोड, सापडला. दोन तोंडांचा स्प्लिटर साधारण साडेतीन डीबी खातो. तो काढून वायर सरळ जोडली, आकडा उणे साडेपाचवर आला आणि दिवसातून चारदा कनेक्शन तुटणं थांबलं. स्प्लिटरचं दुसरं तोंड ज्या टीव्हीसाठी होतं, तो आम्ही केव्हाच भंगारात दिला होता.