दिवाळीत कुणाच्या उपयोगी पडायचंय? मग वसुबारसेच्या आधीच तयारीला लागा

दिवाळीत कुणासाठी तरी काहीतरी करावं असं सगळ्यांनाच वाटतं, पण ते आठवतं थेट लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, मग जो तो मिठाईचे बॉक्स घेऊन त्याच दोन-चार ठिकाणी जातो आणि तिथे एका दिवसात सोनपापडीचा ढीग लागतो, पुढच्या आठवड्यात मात्र कुणी फिरकत नाही. म्हणून यादी आत्ताच करा, आणि तिच्यात पहिलं काम एकच लिहा, फोन करून विचारायचं की तुम्हाला नक्की काय लागतंय. हे विचारल्याशिवाय एक रुपयासुद्धा खर्च करू नका.

सगळ्यात आधी रक्त, कारण याला पैसा लागतच नाही. सुट्ट्यांमध्ये कॉलेजं बंद, ऑफिसं बंद, लोक गावाला, म्हणजे कॅम्प होत नाहीत आणि मुंबईतल्या ब्लड बँकांमधला साठा खाली येतो, पण थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना कसली सुट्टी. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन निदान १२.५, आणि आधी दिलं असेल तर पुरुषांनी ३ महिने आणि बायकांनी ४ महिन्यांचं अंतर ठेवायचं, एवढं बघा. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी जाऊ नका. प्लेटलेट्स ५ दिवसच टिकतात, म्हणून एकाने गावाला निघायच्या आधी द्यावं, दुसऱ्याने भाऊबीज झाल्यावर.

मग साफसफाई. माळ्यावरून कपडे निघणारच, ते धुऊन, चेन-बटणं तपासून, लहान मुलांचे वेगळे, साड्या वेगळ्या असे भरा आणि पिशवीवर मार्करने लिहून ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला उपसत बसावं लागत नाही. फाटकं कुणाला देऊ नका, त्याची फडकी करा. जुने टॉवेल आणि चादरी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला चालतील का विचारून बघा, एकोणिसाव्या शतकापासून मुक्या जनावरांसाठी चाललेलं हॉस्पिटल आहे ते. आणि फुटलेल्या काचा, ट्यूबलाइट, जुने बल्ब जाड कागदात गुंडाळून वर लाल पेनाने ‘काच’ लिहा, सुक्या कचऱ्यात तसंच टाकलं की सफाई कामगाराचा हात कापतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण माझ्या मते यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं.

पोस्त धनत्रयोदशीच्या आधी द्या. वॉचमन, जिना झाडणारे, कचरा नेणारे, पेपरवाला, इस्त्रीवाला, यांना लक्ष्मीपूजनानंतर पैसे मिळून काय उपयोग, त्यांचीही पोराबाळांची खरेदी असते, आणि बरेच जण छटपूजेसाठी उत्तरेकडच्या गाडीत बसलेलेही असतात. बँका मध्येच बंद असतात म्हणून सुट्ट्या नोटा आधीच आणून पाकिटं नावं घालून तयार ठेवा. रात्रपाळीचा वॉचमन हमखास राहून जातो, त्याचं नाव वर लिहा.

टाटा हॉस्पिटलच्या आसपास द्यायचं असेल तर जरा थांबून विचार करा. केमो चालू असलेल्या पेशंटची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, त्याला बाहेरचं खाणं, तळलेलं, गोड बऱ्याचदा चालत नाही, डॉक्टरांनी मनाई केलेली असते, आणि आपण प्रेमाने पुढे केलेला लाडू त्याला नाही म्हणावा लागतो. त्यापेक्षा सोबतच्या माणसाचा विचार करा, तो बिहारहून नाहीतर विदर्भातून आलेला असतो. आंघोळीचा साबण, टॉवेल, चटई, पांघरूण, डासांची क्रीम, मोबाइलचा चार्जर, असलं सामान कामाला येतं. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत असे बरेच पेशंट आणि त्यांचे नातेवाईक उतरतात, तिथे तांदूळ, डाळ, तेल यातलं काय संपत आलंय ते फोनवर विचारा आणि तेवढंच न्या, शक्यतो भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात.

आता बिल्डिंगमधले एकटे राहणारे आजी-आजोबा. मुलं परदेशात, आणि नेमकी दिवाळीत सांभाळणारी मावशी कोकणात जाते, बाई सुट्टीवर, पोळीभाजी केंद्र दोन-तीन दिवस बंद. प्रत्येक घरातून फराळाचं ताट मात्र येतं, मग चकली आणि चिवडा खाऊनच दोन दिवस काढायचे, वर शुगर आणि अॅसिडिटी. त्यांना त्या दिवसांत गरम वरणभात, मऊ पोळी, एखादी साधी भाजी लागते हो. म्हणून मावशी कधी जाणार, कधी येणार, केंद्र कोणत्या तारखांना बंद, हे आत्ताच विचारून घ्या, आणि विंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तारखा टाकून एकेक जेवण एकेका घराने वाटून घ्या. औषधं दहा-बारा दिवसांची आधीच आणून ठेवा, कारण लक्ष्मीपूजनाला मेडिकलवालाही लवकर शटर ओढतो. कंदील लावायला शिडीवर त्यांना चढू देऊ नका, शाळेतल्या मुलांना पाठवा, आणि तिकडच्या मुलांशी व्हिडिओ कॉल लावून द्यायलाही तीच पोरं बरी. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा. घराची एक जास्तीची किल्ली कुणाकडे आहे ते ग्रुपमधल्या दोघांना तरी माहीत असू दे, आणि ते दोघं एकदम गावाला जात नाहीयेत ना, तेही बघून घ्या.