स्पॅनिश क्रियापदं: आधी तोडा, मग जोर द्या

स्पॅनिश शिकताना क्रियापदांचे तक्ते सगळेच पाठ करतात पण जोर कुठे द्यायचा ते फारसं कोणी बघत नाही, आणि मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तरी अर्थ तोच राहतो म्हणून आपल्या कानाला ती सवयच नसते. स्पॅनिशमधे मात्र आ-ब्लो मधे 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. काळ पण बदलला आणि माणूस पण!

तर आधी शब्द उच्चाराच्या तुकड्यांत तोडायचा. दोन स्वरांच्या मधे एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं, दोन असतील तर सहसा एक इकडे एक तिकडे, पण ब्ल, ब्र, प्ल, त्र असल्या जोड्या फोडायच्या नाहीत. म्हणून कान-ता-मोस, पण आ-ब्ला-मोस.

मग शेवटून मोजा. शब्द स्वर, एन किंवा एसने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, नाहीतर शेवटच्यावर (आब्लार, कोमेर, बिबीर ही मूळ रूपं त्यामुळेच शेवटी जोर घेतात). हा नियम मोडत असेल तर स्वरावर तिरकी रेघ येते, आणि रेघ दिसली की मोजत बसायचं नाही, जोर तिथेच.

खरी मेख इ आणि उ मधे आहे. हे कच्चे स्वर, आ-ए-ओच्या शेजारी आले की चिकटून एकच तुकडा होतो: काम-ब्यो (मी बदलतो). पण इवर रेघ असली की तो सुटा उभा राहतो: एन-बी-ओ (मी पाठवतो), तीन तुकडे. मूळ रूपं काम्ब्यार आणि एन्ब्यार अगदी एका साच्यातली, त्यामुळे इथे शॉर्टकट नाही, 'मी'चं रूप सरळ पाठ करा. को-मी-आ (मी खायचो) पण तीन तुकड्यांचं, घाईत 'कोम्या' करू नका.

जोर कळला की काही क्रियापदांत वर्तमानकाळात स्वर कधी फुटतो (ए चा ये, ओ चा वे होतो) तेही आपोआप कळतं: जोर धातूवर असला तर प्येन-सो, द्वेर-मो, पुढे सरकला की साधं पेन-सा-मोस, दोर-मी-मोस.

शेपटीला सर्वनामं लागली तरी जोर जागचा हलत नाही. 'दा' म्हणजे दे, 'दा-मे-लो' म्हणजे ते मला दे. जोर शेवटून तिसऱ्यावर गेला म्हणून 'दा'वर रेघ हवीच. उलट फ्वी (मी गेलो), द्यो (त्याने दिलं), ब्यो (त्याने पाहिलं) या एका तुकड्याच्या भूतकाळांवर रेघ नको, 1959 च्या आधीच्या पुस्तकांत ती दिसते, बघून गोंधळू नका.