हरभऱ्यात पक्षी थांबे आजच रोवा

संक्रांत होऊन गेली. उशिरा पेरलेला हरभरा आता फुलातून घाट्यात, म्हणजे शेंगेत येतोय. अशात दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं की घाटेअळीचं फावतं. आणि दरवर्षी तेच पाहतोय: अख्ख्या रानात पाखरांना बसायला रोवलेला एकही थांबा नाही. बांधावरच्या बाभळीवर कोतवाल बसलेला, त्या अंगाच्या ओळी बऱ्यापैकी शाबूत, मधलं रान पोखरलेलं. थांब्याची पावती फाटत नाही, म्हणून दुकानात त्याचं नावही निघत नाही.

शिफारस एकरी 20 थांब्यांची आहे. इंग्रजी ‘टी’सारखी आडवी काठी बांधा, पिकापेक्षा फूट-दीड फूट उंच. बांबू, बाभळीची फांदी, तुराटी (तुरीची काडी) काहीही चालेल. पऱ्हाटी (कपाशीची काडी) मात्र नको, तिच्या किडक्या बोंडांतून गुलाबी बोंडअळी फिरते. काठी हलती ठेवू नका, हलत्या काठीवर पाखरू टिकत नाही. चार दिवसांनी थांब्याखाली बघा. पानांवर पांढरी शीट पडलेली दिसली तर जागा बरोबर आहे. नसली तर थांबा उपटून दुसरीकडे लावा. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण खरं ठरतं.

कोतवाल दिवे लागायच्या वेळेपर्यंत उडते पतंग-किडे टिपतो. साळुंक्या आणि गायबगळे ओळींतून चालत अळ्या वेचतात. नीलपंख दिसला तर उत्तमच. पण ही मंडळी अळी लहान असतानाच कामी यायला हवीत. पानांवर खरवडल्यासारखे पांढरे डाग दिसले की समजा, वेळ आली. अळीचं डोकं घाट्यात आणि धड बाहेर दिसेपर्यंत थांबलात, तर निम्मं नुकसान झालेलं असतं.

थांब्यांसोबत:
– कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) हेक्टरी 5.
– फुलोऱ्यात निंबोळी अर्क 5 टक्के. 5 किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवा, गाळून पाणी 100 लिटर करा.
– एचएएनपीव्ही (घाटेअळीला मारणारा विषाणू) 500 एलई (त्या विषाणूचं माप) प्रति हेक्टर, उन्हं उतरल्यावर.

मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या सापडल्या तरच इमामेक्टीन बेंझोएट 5 टक्के हे कीटकनाशक, 4.4 ग्रॅम 10 लिटर पाण्यात. एवढंच. सोबत ‘टॉनिक’ आणि दुसरी बाटली कुणी पुढे सरकवली तर तिथेच ठेवून या. कोठीत मोनोक्रोटोफॉस हे जुनं कीटकनाशक पडलं असेल तर ते अजिबात फवारू नका. ते पाखरांना फार घातक आहे, मग थांबे रोवून उपयोग काय?

बाकीची कामं:
– गहू: दाणे भरताना पाणी चुकवू नका.
– उन्हाळी भुईमूग: पेरणी 15 फेब्रुवारीपर्यंत उरका.
– उंदरांची ताजी बिळं शोधून बुजवा. उंदीर टिपणारा पिंगळा (लहान घुबड) राहतो ती ढोली तोडू नका.

ज्वारीवाल्यांचं गणित उलटं. हुरड्यात आलेल्या कणसांवर भोरड्यांचे थवे उतरतात, गुलाबी अंग आणि काळं डोकं. पळस फुलला की त्यांचा मुक्काम आसपासच असतो. सकाळ-संध्याकाळ राखण करा, गोफण आणि डबा पुरे. मारू नका, त्या नाकतोडेही खातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मध्य आशियाकडे परततात. ज्वारीत थांबे लावू नका. हरभऱ्यातले थांबेही घाटे पक्के भरले की काढून घ्या, नाहीतर त्यावर पोपट येऊन बसतात.