आयोडीनयुक्त मीठ सोडलंय? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: 'समुद्राचं मीठ आहे, म्हणजे आयोडीन असणारच.' समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं खरं, पण मीठ हातात येईपर्यंत त्यातलं नावापुरतंच उरतं. सैंधवाचंही तेच. गुलाबी रंग लोहाचा, त्याचा आयोडीनशी संबंध नाही. पाकिटावर 'आयोडीनयुक्त' छापलेलं नसेल, तर हिशेबात शून्य धरा.

हिशेब तसा अवघड नाही. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला साधारण 250. कपभर गाईच्या दुधातून 80च्या आसपास मिळतं (गाईच्या खाद्यानुसार कमी-जास्त), एका अंड्यातून 25 ते 30. मात्र ते जवळजवळ सगळं बलकात असतं. नुसतं पांढरं खाणाऱ्यांनी अंडं मोजूच नये. मासे खात असाल तर समुद्रातले खा, गोड्या पाण्यातल्यांत आयोडीन बरंच कमी. आणि मासा उकळून पाणी ओतून देऊ नका, आयोडीन त्या पाण्याबरोबर जातं.

दूध सोडून बदाम किंवा ओटचं दूध घेणारे इथेच फसतात. त्यात कॅल्शियम घातलेलं असतं, आयोडीन बहुधा नसतं. घटकांच्या यादीत 'पोटॅशियम आयोडाइड' शोधा. सापडलं नाही आणि मासे-अंडीही खात नसाल, तर 150 मायक्रोग्रॅमची साधी गोळी बरी.

उलट टोकाची चूक मला जास्त धोक्याची वाटते: समुद्री शेवाळ. नोरीचं (सुशीला गुंडाळतात ते पातळ शेवाळ) एखादं पान ठीक आहे. पण वाळवलेल्या केल्पच्या (मोठ्या तपकिरी शेवाळाच्या) एका ग्रॅममध्ये 2000 मायक्रोग्रॅमहूनही जास्त आयोडीन असू शकतं, आणि मोठ्यांसाठी दिवसाची वरची मर्यादा युरोपात 600, अमेरिकेत 1100 मानतात. चिमूटभर केल्पची पूड 'नैसर्गिक आहे' म्हणून रोज सूपमध्ये टाकणारा माणूस ही मर्यादा सहज ओलांडतो. जास्त आयोडीननेही थायरॉइड (गळ्यातली ग्रंथी) मंदावू शकते, म्हणजे कमी आयोडीनमुळे ज्याला भीत होतो तेच! थायरॉइडचा आजार आधीपासून असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय केल्पच्या कॅप्सूल नकोतच.

कोबी-फ्लॉवर थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाहीत, असं ऐकून घाबरून ते बंद करू नका. शिजवलेले, बेताने खाल्लेले चालतात.

आणि मनगटावर आयोडीनचं टिंक्चर लावून 'डाग लवकर गेला, म्हणजे कमतरता' ही घरगुती चाचणी विसरा. आयोडीन हवेत उडून जातं, डाग कुणाचाही फिका होतो. गळ्यापाशी सूज दिसली, तर रक्तातलं टीएसएच (थायरॉइडचं काम कळवणारं संप्रेरक) तपासून घ्या.