तालुका न्यायालयातील विलंबाचे कारण कसे शोधावे आणि मागणी कोणाकडे करावी

विदर्भातील तालुक्याच्या न्यायालयात दाव्याला पुन्हा पुढची तारीख पडली, की शेतकऱ्याचा राग बहुधा न्यायाधीशांवर किंवा आपल्याच वकिलावर निघतो. प्रत्यक्षात त्या तारखेमागे अनेकदा विधिमंडळाने केलेला कायदा, शासनाची अधिसूचना किंवा मंजूर न झालेले एखादे पद असते, आणि हे नेमके ओळखल्याशिवाय दिलेले निवेदन चुकीच्या टेबलावर पडून राहते.

म्हणून सुरुवात रोजनाम्यापासून, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले याच्या न्यायालयीन नोंदीपासून करावी. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपल्या प्रकरणाचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला, की मागील तारखा आणि त्या दिवशी काय झाले याची नोंद दिसते; सविस्तर रोजनाम्याची नक्कल न्यायालयाच्या नक्कल विभागातून अर्ज करून मिळवता येते. पीठासीन अधिकारी (न्यायाधीश) नाहीत, समन्स बजावले गेले नाही, तपासणी अहवाल आलेला नाही, पक्षकाराने मुदत मागितली, यांपैकी कोणते कारण वारंवार येते ते पाहावे.

त्यानंतर त्या कारणाची जबाबदारी कोणाची, हे ठरवावे. नवे न्यायालय, नवी पदे आणि त्यांचा खर्च राज्याच्या विधी व न्याय विभागाकडे जातो. कनिष्ठ न्यायालयांतील न्यायाधीशांच्या बदल्या, रजा आणि बढत्या मात्र संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली असल्यामुळे त्यासाठी आमदारांकडे जाऊन उपयोग नाही. तेथे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांमार्फत निवेदन द्यावे. दिवाणी दाव्यातील समन्स न्यायालयाचा बेलिफ बजावतो, फौजदारी खटल्यातील समन्स साधारणपणे पोलीस ठाणे.

कायद्याचा भार न्यायालयावर कसा येतो, हे दारूबंदीच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट दिसते. गडचिरोलीत १९९३ मध्ये आणि चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. बंदी लागू झाली, की पंचनामे, जप्त मुद्देमाल आणि नमुन्यांचे तपासणी अहवाल यांसह खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे येऊ लागतात, आणि तालुक्याच्या ठिकाणी तोच अधिकारी बहुतेक वेळा दिवाणी न्यायाधीशही असल्यामुळे वाटणीच्या व ताब्याच्या दाव्यांचा वेळ त्यात जातो. बंदी उठल्यावरही आधी दाखल झालेले खटले आपोआप संपत नाहीत. गावोगावच्या महिलांनी बंदीसाठी दिलेला लढा मला पूर्णपणे न्याय्य वाटतो. म्हणूनच बंदीच्या मागणीबरोबरच वाढीव न्यायदंडाधिकारी आणि प्रयोगशाळेतील पुरेसे मनुष्यबळ हीदेखील मागणी त्याच निवेदनात असावी, असा माझा आग्रह आहे.

काही कायदे उलट दिशेने काम करतात, म्हणजे प्रकरण सुरुवातीला न्यायालयाबाहेरच नेतात. अवैध सावकाराने १५ वर्षांच्या आत बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. बांधावरून शेतात जाण्याच्या रस्त्याचा वाद जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार ठरवतात, आणि तो निर्णय मान्य नसेल तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिलांना राज्याच्या १९९४ च्या अधिसूचनेने न्यायालय शुल्कातून सूट दिली आहे. ही गोष्ट दावा लावण्यापूर्वीच वकिलांना आठवणीने सांगावी.

पदे किंवा इमारत यांविषयीचे निवेदन तालुका वकील संघाच्या ठरावासह आमदारांना द्यावे, आणि ते नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे, कारण तारांकित प्रश्नाची (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) सूचना आगाऊ द्यावी लागते. ‘न्यायालयाची अवस्था वाईट आहे’ एवढेच न लिहिता, राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड या न्यायालयीन आकडेवारीच्या संकेतस्थळावरील जिल्ह्याची प्रलंबित प्रकरणांची संख्या आणि माहिती अधिकारात मिळवलेली मंजूर व रिक्त पदांची माहिती सोबत जोडावी. त्या निवेदनात स्वतःच्या प्रलंबित दाव्याच्या गुणदोषांविषयी एक ओळही लिहू नये. आपले प्रकरण लवकर चालावे असे वाटत असेल, तर त्यासाठी वकिलामार्फत त्याच न्यायालयात स्वतंत्र अर्ज द्यावा.